‘मसाज’ या शब्दाची अब्रू : लंडन, १८९४

लंडनमधील वर्तमानपत्रांत १८९० च्या सुमारास एक छोटी जाहिरात वारंवार दिसू लागली होती. मजकूर असे दोन-तीन ओळींचा. वेस्ट एंडमधला पत्ता, एखादे स्त्रीनाम आणि ‘मसाज’ हा शब्द. संधिवात, निद्रानाश, मज्जातंतूंचा थकवा अशा व्याधींचीही नावे त्यात असत.

ही जाहिरात दोन प्रकारची माणसे वाचत. एकाचा गुडघा खरोखरच दुखत असे. दुसऱ्याला गुडघ्याशी काही कर्तव्य नसे. छापलेली अक्षरे दोघांसाठी सारखीच, आणि अपेक्षा मात्र दोन टोकांच्या. या गोंधळातून पुढे एक व्यवसाय जन्माला आला, त्याने स्वतःसाठी विलक्षण कडक नियम केले आणि पन्नास वर्षांनी आपले मूळ नावही टाकून दिले. आजचा धागा त्याच कथेचा आहे.

सुरुवात मात्र एका भारतीय माणसापासून करावी लागते.

साके दीन महोमेद यांचा जन्म १७५९ मध्ये पाटण्याचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्याबरोबर राहिलेले हे गृहस्थ पुढे आयर्लंडमध्ये स्थायिक झाले. १७९४ मध्ये त्यांनी आपले प्रवासवर्णन इंग्रजीत प्रसिद्ध केले. भारतीय माणसाने इंग्रजीत लिहून छापलेले हे पहिले पुस्तक मानले जाते. १८१० मध्ये त्यांनी लंडनमध्ये ‘हिंदोस्तानी कॉफी हाऊस’ काढले, दोन वर्षांत दिवाळे निघाले आणि मग ते समुद्रकाठच्या ब्रायटनला गेले. तेथे त्यांनी वाफेचे स्नानगृह काढून ‘शाम्पूइंग’ सुरू केले. शाम्पू म्हणजे आपली चंपी. डोके धुण्याचा अर्थ त्या शब्दाला नंतर चिकटला. महोमेदांच्या काळी त्याचा अर्थ अंग दाबणे, रगडणे, चेपणे एवढाच होता.

परक्या माणसाचा हात आपल्या उघड्या अंगाला लागणार, ही कल्पना त्या काळच्या इंग्रज समाजाला पचणारी नव्हती. महोमेदांनी यावर काढलेली तोड पाहण्यासारखी आहे. गिऱ्हाईक फ्लॅनेलच्या तंबूत बसे. तंबूला बाह्या शिवलेल्या असत. मालिश करणारा बाहेर उभा राहून त्या बाह्यांतून आत हात घाली. स्त्रियांचे स्नानगृह वेगळे होते आणि त्याची व्यवस्था महोमेदांच्या आयरिश पत्नी जेन पाहत. आत काय घडेल आणि काय घडणार नाही, हे त्या कापडानेच गिऱ्हाइकाला सांगून टाकले होते. बऱ्या झालेल्या रुग्णांनी मागे ठेवलेल्या कुबड्या आस्थापनेत मांडून ठेवल्या जात. १८२० मध्ये त्यांनी बऱ्या झालेल्या रुग्णांच्या हकिकतींचे पुस्तक काढले आणि १८२२ मध्ये शाम्पूइंगवर स्वतंत्र ग्रंथ. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम अशा दोन राजांचे ते ‘शाम्पूइंग सर्जन’ झाले.

ही जाहिरात प्रामाणिक होती काय? सेवेपुरती बहुतांशी होती, स्वतःपुरती नव्हती. महोमेदांनी आपले जन्मवर्ष दहा वर्षे मागे ढकलले आणि सैन्यात जाण्यापूर्वी आपण वैद्यकीय शिक्षण घेतल्याचा दावा केला. त्या शिक्षणासाठी आयुष्यात जागा हवी होती, म्हणून ही दहा वर्षांची भर. १८५१ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या थडग्यावर वय १०१ कोरले गेले. वास्तविक ते नव्वदीच्या आसपास होते. व्यापारासाठी केलेली जाहिरात इतकी टिकाऊ ठरण्याचे उदाहरण विरळाच!

महोमेदांनंतर मालिशीला वैद्यकाच्या दारातून आत घेणारे लोक युरोपातले आणि अमेरिकेतले होते. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोमला व्यायामविद्येची राजमान्य संस्था उभारली होती. ॲम्स्टरडॅमचे डॉक्टर योहान मेझगर यांच्या परंपरेतून मालिशीच्या निरनिराळ्या क्रियांची फ्रेंच नावे रूढ झाली. फिलाडेल्फियाचे मज्जाविकारतज्ज्ञ सायलस विअर मिचेल यांनी ‘विश्रांती उपचार’ सुरू केला. थकलेल्या, कृश झालेल्या रुग्णाला, बहुधा स्त्रीलाच, आठवडेच्या आठवडे अंथरुणात ठेवायचे, घरच्या माणसांपासून दूर करायचे, भरपूर खाऊ घालायचे आणि निजून निजून स्नायू निकामी होऊ नयेत म्हणून रोज मालिश करायची, असा तो उपचार. १८८० च्या दशकात लंडनमध्ये विल्यम प्लेफेअर यांनी त्याचा प्रसार केला.

परिणामी मालिश जाणणाऱ्या स्त्रियांना एकाएकी मागणी आली. परिचारिकेपेक्षा कमाई बरी, काम घरोघरी जाऊन करायचे, आणि मध्यमवर्गीय स्त्रीला प्रतिष्ठेने करता येतील असे व्यवसाय तेव्हा बोटांवर मोजण्याइतके. शिकवणीचे वर्ग भराभर निघाले. काही उत्तम होते. काही ठिकाणी फी घेऊन थोड्या दिवसांत प्रमाणपत्र हाती ठेवले जाई. त्या प्रमाणपत्राला कसलीही किंमत नव्हती, कारण ते कोणी द्यावे आणि कशाच्या आधारावर द्यावे याचा नियमच अस्तित्वात नव्हता.

अशा वेळी १८९४ च्या उन्हाळ्यात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नियतकालिकाने अनैतिक ‘मसाज’ आस्थापनांवर लेख छापला. संपादक होते अर्नेस्ट हार्ट. हे गृहस्थ वैद्यकीय पत्रकारितेतले मुरब्बी. १८६८ मध्ये, पैसे घेऊन तान्ही मुले सांभाळायला घेणाऱ्या आणि त्यांना मरू देणाऱ्या बायांचा छडा त्यांच्याच पत्राने लावला होता. आता त्यांनी मसाजगृहांकडे मोहरा वळवला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : यातील कित्येक घरे म्हणजे नाव बदललेली वेश्यागृहे आहेत, वर्तमानपत्रे त्यांच्या जाहिराती खुशाल छापतात, आणि शिकवणीच्या नावाखाली तरुण मुलींकडून फी उकळून, पुढे काम न मिळालेल्या त्या मुलींना याच घरांकडे लोटले जाते. वर्षअखेरीस पत्राच्या खास प्रतिनिधींचा अहवालही प्रसिद्ध झाला.

हार्ट यांच्या लेखांचा सूर आज वाचताना खटकतो. त्यांना रुग्णाची काळजी होती, मुलींची होती, पण सर्वांत अधिक होती ती डॉक्टरांच्या अब्रूची. ज्या उपचाराची डॉक्टर शिफारस करतात त्याचेच नाव बदनाम घराच्या दारावर लागावे, हा खरा सल होता. त्या घरांत काम करणाऱ्या स्त्रियांना त्यात स्थान होते ते बळी म्हणून किंवा पापिणी म्हणून. गिऱ्हाइकांबद्दल तर फारच थोडे लिहिले गेले. तरीही हार्ट यांनी मांडलेला एक प्रश्न बिनतोड होता : पाटी वाचून आत शिरणाऱ्याला आत काय आहे हे कळणार कसे?

पोलिसांनी ही घरे बंद का केली नाहीत, अशी शंका येथे येईल. याचे कारण कायद्यात होते. १८८५ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीने वेश्यागृह चालवणाऱ्यावर खटला भरणे सोपे केले होते. मात्र त्यासाठी ते घर वेश्यागृह आहे हे सिद्ध व्हायला हवे. मसाजगृहाच्या बंद खोलीत दोनच माणसे असत आणि दोघांनाही साक्ष देण्यात रस नसे. त्यात १८९५ मध्ये सिंगलटन विरुद्ध एलिसन या खटल्यात न्यायालयाने निर्वाळा दिला की एकच स्त्री जेथे पुरुषांना घेते ते घर कायद्याच्या अर्थाने वेश्यागृह ठरत नाही. मसाजगृहाला परवाना लागत नव्हता, त्यामुळे तो रद्द करण्याचा प्रश्नच नव्हता. जाहिरातीत तर आक्षेपार्ह असे अक्षरही नसे. कायद्याला बोट ठेवायला जागा सापडू नये, अशीच तिची रचना होती.

या सगळ्यात सर्वाधिक कोंडी झाली ती खरोखर मालिश शिकलेल्या स्त्रियांची. तिने जाहिरात द्यावी, तर दारात येणारा पुरुष काय समजून आला आहे याची खात्री नाही. न द्यावी, तर काम कोठून मिळणार? ‘मसाज’ शब्द वापरावा तर संशय, आणि दुसरा शब्द तर भाषेतच नाही. जाहिरातीत ‘प्रतिष्ठित’, ‘प्रशिक्षित’ अशी विशेषणे घालून उपयोग नव्हता, कारण तीच विशेषणे दुसरी बाजूही तितक्याच सहजतेने वापरत होती. खोटे बोलणाऱ्याने सगळे खरे शब्द आधीच वापरून टाकले असतील, तर खरे बोलणाऱ्याने कोणते शब्द वापरायचे?

याचे उत्तर चार स्त्रियांनी शोधले. लूसी मॅरिॲन रॉबिन्सन, रोझलिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅन्ली आणि मार्गारेट पामर. चौघी परिचर्या आणि सुईणकामाच्या क्षेत्रातल्या. त्यांतल्या रोझलिंड पॅजेट विशेष खंबीर बाई. सुईणींना कायदेशीर दर्जा मिळावा म्हणून त्यांनी अनेक वर्षे झुंज दिली. १८९४ च्या अखेरीस या चौघींच्या पुढाकाराने ‘सोसायटी ऑफ ट्रेन्ड मॅसूझेस’ स्थापन झाली. मॅसूझ म्हणजे मालिश करणारी स्त्री. संस्थेने परीक्षा सुरू केली, प्रमाणपत्र देऊ लागली आणि सदस्यांसाठी नियम ठरवले. ते नियम मूळ प्रश्नाच्या वर्मावर बोट ठेवणारे होते.

पहिला नियम : डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मालिश करायची नाही. दुसरा : पुरुषांची सर्वांगमालिश करायची नाही, तातडीच्या किंवा शुश्रूषेच्या प्रसंगी डॉक्टरांनी खास विनंती केली तरच अपवाद. तिसरा : निव्वळ वैद्यकीय नियतकालिके सोडून कोठेही जाहिरात द्यायची नाही. चौथा : रुग्णाला औषधे विकायची नाहीत.

तिसरा नियम नीट पाहावा. या स्त्रियांनी ‘जाहिरात खरी असावी’ असे म्हटलेच नाही. सर्वसामान्य माणसासमोर जाहिरात करायचीच नाही, असे म्हटले. बाजारात शब्दावरचा विश्वास उडाला आहे हे त्यांनी मान्य केले आणि बाजार सोडून दिला. यापुढे गिऱ्हाईक पाटी वाचून येणार नव्हते. ते डॉक्टरची चिठ्ठी घेऊन येणार होते. आत काय अपेक्षित आहे हे त्या चिठ्ठीने आधीच ठरवलेले असे. महोमेदांच्या तंबूतल्या फ्लॅनेलने जे काम केले, ते आता कागदाने करायचे होते.

या हुशारीची किंमतही होती आणि ती लपवण्यात अर्थ नाही. डॉक्टरांच्या ओळखी नसलेल्या स्त्रीला काम मिळणे कठीण झाले. फी भरून परीक्षेला बसण्याची ऐपत नसलेली बाहेर राहिली. मालिशीवर पोट भरणाऱ्या पुरुषांना तर सदस्यत्वच नव्हते. आणि स्वतःच्या हाताच्या कौशल्यावर उभा राहू शकणारा व्यवसाय स्वेच्छेने डॉक्टरांच्या आज्ञेखाली गेला. त्या काळच्या समाजात याहून वेगळा मार्ग त्यांना उपलब्ध होता का? बहुधा नसावा. पण अब्रू उसनी घेतली की तिच्यावर व्याज भरावे लागते, आणि हे व्याज कित्येक दशके भरले गेले.

मसाजगृहांवर या नियमांचा काय परिणाम झाला? जवळजवळ काहीच नाही. ती चालूच राहिली. फरक इतकाच पडला की डॉक्टरकडे जाणाऱ्या रुग्णाला आता खात्रीची व्यक्ती मिळू लागली. १९०० मध्ये संस्थेची कायदेशीर नोंदणी झाली.

मग १९१४ साली महायुद्ध आले आणि दुसऱ्या नियमाची परीक्षा झाली. ऑगस्टमध्येच ॲल्मेरिक पॅजेट आणि त्यांच्या पत्नी पॉलीन यांनी जखमी सैनिकांसाठी पन्नास प्रशिक्षित मालिशकार स्त्रियांचे पथक स्वखर्चाने उभे करण्याची तयारी दाखवली. बघता बघता त्या पथकाचे सैन्याच्या रुग्णालयांत पसरलेले दल झाले. ज्या स्त्रियांना वीस वर्षांपूर्वी पुरुषाच्या अंगाला हात लावणे जवळजवळ वर्ज्य होते, त्या आता रोज शेकडो तरुणांचे मोडलेले हात, आखडलेले सांधे आणि निर्जीव झालेले पाय चोळत होत्या. कोणी भुवई उंचावली नाही. खंदकातून आलेल्या सैनिकाची अपेक्षा काय असावी याविषयी कोणाच्याही मनात संदिग्धता नव्हती. युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांना लंडनच्या ‘सेंट डन्स्टन्स’ संस्थेत मालिश हा व्यवसाय शिकवला गेला, तेव्हा पुरुष मालिशकारही आदराने पाहिला जाऊ लागला. १९२० मध्ये संस्थेला राजसनद मिळाली आणि पुरुष सदस्य झाले.

याच सुमारास कायद्यालाही जाग आली. लंडन काउंटी कौन्सिलला १९१५ मध्ये मसाजगृहांना परवाने देण्याचा अधिकार मिळाला आणि १९२० च्या कायद्याने मालिश, वाफेची स्नाने, विजेचे उपचार अशी सगळीच आस्थापने त्या कक्षेत आली. परवाना नाकारता येऊ लागला, तपासणीला जाता येऊ लागले. हार्ट हे पाहायला नव्हते. १८९८ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

शब्दाची अब्रू मात्र परतली नाही. १९४४ मध्ये या सनदप्राप्त संस्थेने आपल्या नावातून ‘मसाज’ काढून टाकला आणि ‘फिजिओथेरपी’ हा शब्द घेतला. उपचारांत वीज, प्रकाश, व्यायाम यांची भर पडली होती, हे एक कारण. पण जुन्या शब्दामागे लागलेली कुजबूज सुटली, हा लाभही लहान नव्हता. हाच नवा शब्द घेऊन ती विद्या भारतात आली. १९५३ मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात भारत सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि मुंबई महापालिका यांच्या सहकार्याने फिजिओथेरपीचे विद्यालय सुरू झाले. ज्या देशातून चंपी ब्रायटनला गेली होती, त्या देशात तिची दूरची नात पांढरा कोट घालून परतली. तिला चंपीशी नाते सांगण्याची इच्छा नव्हती, हे ओघानेच आले.

आता उरलेला अर्धा भाग, म्हणजे ज्यांना चिठ्ठी नको होती त्यांचा. १९५७ च्या वुल्फेन्डन अहवालानंतर १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये ‘स्ट्रीट ऑफेन्सेस’ कायदा झाला आणि वेश्याव्यवसायातील स्त्रियांना रस्त्यावर उभे राहून गिऱ्हाईक मिळवणे अशक्य झाले. मग उरली ती जाहिरात. फ्रेडरिक शॉ नावाच्या एका गृहस्थाने ‘लेडीज डिरेक्टरी’ नावाची पुस्तिका काढली. तिच्यात स्त्रियांची नावे, पत्ते, दूरध्वनी क्रमांक होते आणि कोण कोणती सेवा देते याचे संक्षिप्त संकेतही. मसाजगृहाच्या जाहिरातीत जे कधीच नसे ते या पुस्तिकेत होते : गिऱ्हाइकाला काय मिळेल याची बऱ्यापैकी स्पष्ट माहिती.

शॉ यांच्यावर खटला झाला. सार्वजनिक नीती भ्रष्ट करण्याचा कट केल्याबद्दल त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली आणि १९६१ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने ती कायम केली. व्हायकाउंट सायमंड्स यांनी न्यायालय हे समाजनीतीचे राखणदार असल्याची भूमिका घेतली. लॉर्ड रीड यांनी या कलमाबाबत विरोधी मत नोंदवले. असे नवे गुन्हे निर्माण करणे हे संसदेचे काम आहे, न्यायाधीशांचे नव्हे, असे त्यांचे म्हणणे. कायद्याचे विद्यार्थी हा खटला आजही अभ्यासतात, तो मुख्यतः त्या मतभेदासाठी. पण या कथेच्या दृष्टीने त्यातली दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. १८९४ मध्ये आडपडद्याच्या जाहिरातीवर कोणताही खटला उभा राहत नव्हता. १९६१ मध्ये उघड जाहिरात करणारा तुरुंगात गेला. व्यवसायात असलेल्या प्रत्येकाने यातून काय बोध घेतला असेल, हे सांगायला नको. ‘मसाज’ ही पाटी पुन्हा कामाला लागली.

पुढच्या दशकांत लंडनमधील सार्वजनिक टेलिफोन बूथच्या काचा रंगीबेरंगी कार्डांनी भरून गेल्या. सकाळी काढावीत, दुपारपर्यंत नवी लागलेली. अखेर २००१ च्या फौजदारी न्याय व पोलीस कायद्याने, वेश्याव्यवसायाची अशी जाहिरात सार्वजनिक टेलिफोनजवळ लावणे हा गुन्हा ठरवला. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. कार्डावर सेवेचा उघड उल्लेख नसला तर काय, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांनाही पडला होता. म्हणून त्यांनी एक तरतूद घातली : समंजस माणसाला ती जाहिरात वेश्याव्यवसायाची वाटत असेल, तर ती तशीच धरली जाईल, तशी नाही हे दाखवण्याची जबाबदारी दुसऱ्या बाजूची.